बर्फाच्या पाण्यात सोडलेला हात : लिलियन गिशची मूकपटातली कारकीर्द

चित्रवेध

मूकपटांचा विषय निघाला की आपल्याकडे चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांच्याविषयी भरभरून बोलले जाते. त्या काळातल्या नट्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि बोललेच तर मोठे डोळे, थरथरते ओठ, छातीशी धरलेले हात आणि बोलपट आल्याबरोबर संपलेली कारकीर्द एवढ्यावर विषय मिटतो. गेले काही महिने मी लिलियन गिशचे उपलब्ध मूकपट क्रमाने पाहत आहे. पडद्यावरचा अभिनय कसा असावा हे ज्या मोजक्या लोकांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून ठरवले, त्यांत तिचे स्थान फार वरचे आहे, असे माझे मत हे चित्रपट पाहताना पक्के होत गेले. तिची मूकपटातली कारकीर्द ज्या रीतीने संपली तिचा तिच्या आवाजाशी काही संबंध नव्हता, हेही मला तपशिलात मांडायचे आहे.

लिलियनचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३ रोजी ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी झाला. वडिलांनी संसाराकडे पाठ फिरवली तेव्हा आईने पोटासाठी रंगभूमी धरली, आणि पाठोपाठ लिलियन आणि तिची धाकटी बहीण डोरोथी या दोघीही बालभूमिका करू लागल्या. रात्रीच्या गाड्या, स्वस्तातली बिऱ्हाडे आणि आज या गावी तर उद्या त्या गावी असे त्यांचे बालपण गेले. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांची वर्णने ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे जगणे अनोळखी वाटणार नाही. याच फिरतीत त्यांची ओळख ग्लॅडिस स्मिथ नावाच्या दुसऱ्या एका बालनटीशी आणि तिच्या कुटुंबाशी झाली. १९१२ मध्ये या बहिणींनी ग्लॅडिसला पडद्यावर पाहिले आणि तिचा पत्ता काढत त्या न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरच्या बायोग्राफ कंपनीत पोहोचल्या. ग्लॅडिस तोवर मेरी पिकफर्ड झाली होती. तिनेच दोघींना डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकासमोर उभे केले.

पहिल्या तालमीची हकीकत लिलियनने पुढे अनेकदा सांगितली. ग्रिफिथला दोघी बहिणींत फरक कळेना, म्हणून त्याने एकीच्या केसांना निळी आणि दुसरीच्या केसांना तांबडी फीत बांधायला लावली आणि त्या रंगांच्या नावाने तो त्यांना हाका मारू लागला. घाबरण्याचा अभिनय त्याच्या मनासारखा होईना, तेव्हा त्याने खिशातून पिस्तूल काढून छताकडे गोळ्या झाडल्या. त्या भीतीतूनच ‘ॲन अनसीन एनिमी’ हा त्यांचा पहिला चित्रपट उभा राहिला, ज्यात भिंतीतल्या भोकातून एक पिस्तूल आत येते आणि खोलीत कोंडलेल्या दोन बहिणी त्या नळीकडे पाहत एकमेकींना बिलगतात.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, ‘द मदरिंग हार्ट’ आला. यात लिलियन एका तरुण पत्नीच्या भूमिकेत आहे, जिचा नवरा दुसरीच्या नादी लागतो आणि जिचे मूल दगावते. मूल गेल्यावर ती रडत नाही. ती घराबाहेर बागेत येते, काही क्षण नुसती उभी राहते, मग एक काठी उचलते आणि फुललेल्या झुडपांना झोडपत सुटते. त्या वेळी ती अवघी एकोणीस वर्षांची होती. नाटकातल्या नटीला शेवटच्या रांगेपर्यंत दुःख पोहोचवायचे असते, म्हणून तिला हात उंचवावे लागतात. कॅमेरा मात्र जसजसा जवळ येतो तसतशी हालचाल कमी करावी लागते आणि जी उरते ती नेमकी असावी लागते, हे लिलियनला दीड-दोन रिळांच्या त्या छोट्या चित्रपटांतच उमगले होते.

१९१९ च्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये या नेमकेपणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सापडते. लंडनच्या लाइमहाउस वस्तीत मुष्टियोद्धा बापाचा मार खात वाढलेली लूसी हसायला शिकलेलीच नाही. बाप दरडावतो, ‘हस’, तेव्हा ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. डोळ्यांतले भय तसेच राहते आणि तोंडापुरते हसू दिसते. ही कल्पना लिलियनची होती. मरताना लूसी पुन्हा एकदा तीच दोन बोटे ओठांपाशी नेते, आणि आधी केविलवाणा वाटलेला तो चाळा आता पाहवत नाही. याच चित्रपटात बाप कुऱ्हाडीने दार फोडत असताना ती एका अरुंद कपाटात अडकलेली आहे. पिंजऱ्यात सापडलेला जीव जसा भिंतींवर आपटत राहतो तशी ती जागच्या जागी गरगर फिरते. विशेष म्हणजे चित्रीकरणाच्या थोडेच आधी ती स्पॅनिश फ्लूच्या साथीतून उठली होती.

आता शीर्षकातल्या हाताविषयी. १९२० च्या ‘वे डाउन ईस्ट’मध्ये फसवणुकीतून मूल झालेल्या आणि म्हणून घराबाहेर काढलेल्या अ‍ॅना मूरची भूमिका तिच्याकडे होती. कथेच्या शेवटी अ‍ॅना हिमवादळात भरकटते, नदीवर कोसळते आणि फुटलेल्या बर्फाच्या लादीवरून धबधब्याकडे वाहत जाते. हे प्रसंग व्हर्मॉन्ट राज्यातल्या व्हाइट रिव्हर जंक्शन येथे खऱ्या नदीवर, खऱ्या बर्फात घेतले गेले. थंडी एवढी होती की कॅमेऱ्याचे तेल गोठू नये म्हणून त्याच्याखाली शेगडी ठेवावी लागे. लादीवर निपचित पडलेल्या बाईचे केस आणि एक हात पाण्यात लोंबकळत राहिला तर ते खरे वाटेल, असे लिलियननेच सुचवले. तिच्या आठवणींप्रमाणे तीन आठवडे, दिवसातून वीस-वीस वेळा, ती त्या लादीवर झोपत होती. त्या हाताच्या बोटांना झालेली इजा तिला जन्मभर पुरली. आज तो प्रसंग पाहताना आपली नजर चेहऱ्यावर ठरत नाही, पाण्यातून ओढत चाललेल्या त्या हातावर ठरते, आणि तिला नेमके हेच साधायचे होते.

१९२१ च्या ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’नंतर तिने ग्रिफिथची साथ सोडली. तुझ्या योग्यतेचे मानधन मी देऊ शकत नाही, असे त्यानेच तिला सांगितले होते. मग दुसऱ्या एका कंपनीसाठी तिने इटलीत जाऊन ‘द व्हाइट सिस्टर’ आणि ‘रोमोला’ हे दोन चित्रपट केले, आणि १९२५ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर (थोडक्यात मेट्रो) या स्टुडिओने तिच्याशी सहा चित्रपटांसाठी ८ लाख डॉलरचा करार केला. दिग्दर्शक आणि कथा यांच्या निवडीत तिचा शब्द चालणार होता. हा अधिकार तिने पुरेपूर वापरला. स्टुडिओत पोहोचल्यावर तिने किंग व्हिडोरच्या अजून प्रदर्शित न झालेल्या युद्धपटाची काही रिळे पाहिली आणि ‘ला बोहेम’साठी तोच दिग्दर्शक आणि त्या चित्रपटातलेच कलावंत मागून घेतले. ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीवर चित्रपट करायला चर्चशी संबंधित संघटनांचा विरोध होता. तिने स्वतः पत्रव्यवहार करून, विषय सभ्यपणे हाताळण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन ती वाट मोकळी केली.

‘ला बोहेम’मधल्या मिमीच्या मृत्यूची तयारी तिने जी केली ती आज कोणी करू नये असेच मी म्हणेन. क्षयाने खंगलेली मिमी दिसावी म्हणून तिने तीन दिवस पाणीसुद्धा घेतले नाही आणि ओठ सुकावेत म्हणून गालांत कापसाचे बोळे धरले. चित्रीकरणात तिने श्वास इतका आवरून धरला की काही क्षण ही खरोखरच गेली असे आपल्याला वाटले, असे व्हिडोरने नंतर लिहून ठेवले आहे.

आणि मग ‘द विंड’. टेक्सासच्या माळावर येऊन पडलेल्या व्हर्जिनियातल्या एका मुलीची ही कथा लिलियननेच निवडली, व्हिक्टर स्योस्ट्रॉम या स्वीडिश दिग्दर्शकाला तिनेच आग्रहाने बोलावले आणि पटकथा फ्रान्सिस मॅरियन या नामवंत लेखिकेने लिहिली. १९२७ च्या उन्हाळ्यात मोहावी वाळवंटात सुमारे ४९ अंश सेल्सियस तापमानात चित्रीकरण झाले. वारा निर्माण करण्यासाठी विमानांचे आठ पंखे लावले होते आणि त्यांच्या झोतात वाळू, भुसा आणि धूर सोडला जात होता. एका दाराच्या तापलेल्या धातूच्या मुठीला हात लागून तिची कातडी भाजून निघाली. चित्रफीत वितळू नये म्हणून बर्फात ठेवावी लागत होती. एवढे करून चित्रपट तयार झाला आणि वर्षभर पडून राहिला. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये तो संगीत आणि काही ध्वनी जोडून बाहेर पडला, तेव्हा प्रेक्षक बोलपटांच्या रांगेत उभे होते.

माझ्या मते मूकपटाची भाषा जिथवर जाऊ शकत होती तिथवर ‘द विंड’ गेला आहे. आपण यांतले काही पाहिले असेल तर जरूर लिहावे.

रंगमळा

लेख मनापासून आवडला. मी बरीच वर्षे हौशी रंगभूमीवर काम करत आहे आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवी मुले तयार करताना एक अडचण दरवर्षी येते, ती म्हणजे संवाद नसताना काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत नट रिकामा उभा असतो. आपल्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. मूकपटातल्या नटीचा त्यांतला वाचिक हा प्रकार पूर्णपणे काढून घेतलेला असतो, आणि पडद्यावर मध्येमध्ये येणाऱ्या पाट्यांवरचा मजकूर कितीही चांगला असला तरी तो तिच्या तोंडून येत नाही.

आपण ‘वे डाउन ईस्ट’मधल्या बर्फाविषयी विस्ताराने लिहिले आहे, पण मला त्याच चित्रपटातला बाप्तिस्म्याचा प्रसंग त्याहून मोठा वाटतो. परक्या गावी भाड्याच्या खोलीत अ‍ॅना आजारी बाळाला घेऊन एकटी बसली आहे. बाप्तिस्मा न होता मूल गेले तर त्याला देवाच्या दारी जागा नाही, अशी भीती तिच्या मनात भरते. धर्मगुरू नाही, नातलग नाही, म्हणून ती स्वतःच पाण्याचे भांडे घेते आणि थरथरत्या बोटांनी बाळाच्या कपाळावर पाणी लावते. ती नामकरण करत आहे आणि त्याच क्षणी निरोपही घेत आहे, हे दोन्ही भाव तिच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक येत नाहीत, एकाच वेळी असतात. बाळाचे हात चोळून ऊब देण्याची तिची धडपड पाहताना मला ज्याला आपल्याकडे सात्त्विक अभिनय म्हणतात त्याचा अर्थ नव्याने कळला. आमच्या तालमीत हा प्रसंग मी आवाज बंद ठेवून मुलांना दोनदा दाखवला, आणि दुसऱ्या वेळी फक्त तिच्या बोटांकडे पाहायला सांगितले.

काळवीट

लेखात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे आणि ती मुद्दाम दाखवून देणे मला आवश्यक वाटते. १९१३ वरून लेखक थेट १९१९ वर आले आहेत. मधल्या काळात, १९१५ मध्ये, ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला आणि त्यात लिलियन गिश एल्सी स्टोनमन या प्रमुख भूमिकेत होती. या चित्रपटाने कृष्णवर्णीयांना रानटी आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेला तारणहार म्हणून दाखवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने त्याच वेळी ठिकठिकाणी निदर्शने केली होती, त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर इथे पुरे पडत नाही. तो काळही गप्प नव्हता. मोडीत निघालेली क्लान संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली आणि तिने हा चित्रपट पुढे सभासद गोळा करण्यासाठी वापरला. एल्सीच्या भूमिकेतले लिलियनचे कोवळेपण आणि तिची भीती हेच त्या प्रचाराचे सर्वांत परिणामकारक साधन होते. अभिनय चांगला असल्यामुळे अपाय वाढला, अशी ही दुर्मीळ आणि अवघड गोष्ट आहे.

‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्येही चिनी नायकाची भूमिका रिचर्ड बार्थेल्मेस या गोऱ्या नटाने डोळे बारीक करून केलेली आहे. त्या पात्राविषयी चित्रपटाला सहानुभूती आहे हे खरे, पण ते पात्र चिनी माणसाला करू दिले नाही, हेही तेवढेच खरे. ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठातल्या चित्रपटगृहाला गिश बहिणींचे नाव होते. विद्यार्थ्यांच्या मागणीवरून २०१९ मध्ये ते काढण्यात आले आणि त्याविरुद्ध चित्रपटसृष्टीतल्या अनेक नामवंतांनी जाहीर पत्रक काढले. आपले यावर काय मत आहे?

चित्रवेध

काळवीट, ही उणीव मला पूर्ण मान्य आहे. त्या चित्रपटाविषयी दोन ओळींत लिहून पुढे सरकणे मला जमेना म्हणून मी तो वगळला, आणि तसे करणे चुकीचे होते. लिलियनने आयुष्यभर ग्रिफिथची बाजू घेतली. तिच्या लेखी तो गुरू होता आणि गुरूच्या कामातला विखार तिने कधी उघडपणे मान्य केला नाही. एवढी बारकाईने पाहणारी नटी आपण कशाचा भाग आहोत हे पाहू शकली नाही, किंवा तिने पाहायचे नाकारले, याचे मला फार वाईट वाटते. इमारतीवरून नाव काढण्याविषयी मात्र माझे मन दोन्हीकडे ओढते. त्या आवारात रोज वावरणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ते नाव का खुपले हे मला कळते, आणि शंभराहून अधिक चित्रपटांच्या कारकिर्दीचा निवाडा एका चित्रपटावरून व्हावा हेही मला पटत नाही.

उत्तररात्र

जे हे चित्रपट पहिल्यांदाच पाहणार आहेत त्यांच्यासाठी तंत्राविषयी थोडे लिहितो, कारण त्याशिवाय लिलियनच्या अभिनयावर अन्याय होण्याची शक्यता असते.

पहिली गोष्ट वेगाची. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी (फ्रेम) घेत असत, पण त्याला काटेकोर प्रमाण नव्हते. ध्वनी आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठरला. जुनी चित्रफीत नव्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु पळतात आणि प्रत्येक हावभाव अतिरेकी वाटतो. ‘मूकपटातले लोक हातवारे फार करतात’ ही आपली समजूत बरीचशी यातूनच आलेली आहे. इंटरनेटवर एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे चालण्याचा वेग नैसर्गिक दिसतो अशीच प्रत निवडावी.

दुसरी गोष्ट चित्रफितीची. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग ओळखत नसे. ओठांचा तांबडा रंग काळा पडे, गोऱ्या कातडीवरचे साधे डागही ठळक उमटत आणि निळे डोळे जवळजवळ पांढरे दिसत. लिलियनचे डोळे निळे होते. त्यामुळे प्रकाश कुठून यावा आणि मान किती कलती ठेवावी याचा विचार तिला सतत करावा लागत असणार. हेन्ड्रिक सारतोव्ह या छायाचित्रकाराने ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये तिचे जवळून घेतलेले चेहरे पाहावेत. भिंगाच्या मृदुपणामुळे कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि डोळे तेवढे स्पष्ट राहतात. मेट्रोमध्ये गेल्यावरही तिने सारतोव्हला सोबत नेले आणि सर्व रंग नीट पकडणारी नवी पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरण्याचा आग्रह धरला. तिला स्वतःच्या अवजारांची पूर्ण माहिती होती.

साळुंकी

धागा वाचताना एक प्रश्न पडला. जिला दिग्दर्शन, प्रकाश, चित्रफीत या सगळ्याचे इतके भान होते तिने स्वतः चित्रपट दिग्दर्शित का केला नाही?

चित्रवेध

साळुंकी, तिने एक केला होता. १९१९ च्या अखेरीस ग्रिफिथने न्यूयॉर्कजवळच्या मॅमरॉनेक येथे नवा स्टुडिओ उभारायला घेतला आणि तो स्वतः दुसऱ्या चित्रीकरणासाठी फ्लोरिडाला गेला. स्टुडिओ अर्धवट, थंडी कडाक्याची, आणि मागे राहिलेल्या लिलियनवर दोन्ही जबाबदाऱ्या पडल्या. बांधकाम पुरे करून घ्यायचे आणि डोरोथीला घेऊन एक विनोदी चित्रपटही पुरा करायचा. ‘रीमॉडेलिंग हर हजबंड’ हे त्याचे नाव. तो चालला आणि त्याने पैसेही मिळवून दिले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, त्यामुळे दिग्दर्शक म्हणून ती कशी होती हे पाहण्याची सोयच उरली नाही. त्यानंतर तिने पुन्हा दिग्दर्शन केले नाही. कामाचा तो सगळा व्याप सांभाळल्यावर हे आपले क्षेत्र नाही असे तिने ठरवले. त्याच काळात लोइस वेबरसारख्या स्त्रिया हॉलिवूडमध्ये नावाजलेल्या दिग्दर्शक होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष तिने इतक्या लवकर काढायला नको होता असे मला वाटते.

पाणवठा

लेखकाच्या एका विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. लिलियनची मूकपटातली कारकीर्द आवाजामुळे संपली नाही हे बरोबर आहे, पण लेखाचा रोख सगळा दोष स्टुडिओकडे जातो असा दिसतो. प्रेक्षकही बदलले होते. १९२७ मध्ये क्लारा बो ही नटी पडद्यावर आली की तरुण मुली केस कापून, गुडघ्यापर्यंतचे झगे घालून तिच्यासारखे वागू पाहत होत्या. ग्रेटा गार्बो त्याच मेट्रो स्टुडिओत पुरुषाच्या डोळ्यांत थेट पाहत उभी होती. त्या मुलींनी लांब केस सोडलेल्या, सोसणाऱ्या, पवित्र नायिकेकडे का यावे? ‘अ‍ॅनी लॉरी’ हा लिलियनचा १९२७ चा चित्रपट पडला तो स्टुडिओने पाडला म्हणून नव्हे, तो लोकांना जुना वाटला. शिवाय तिचे मानधन मोठे होते आणि गार्बो त्या मानाने सुरुवातीला फार स्वस्त पडत होती. व्यवहार पाहणाऱ्या कोणाही माणसाने हाच हिशेब केला असता.

चित्रवेध

पाणवठा, आपला मुद्दा रास्त आहे आणि ‘अ‍ॅनी लॉरी’विषयी मी आपल्याशी सहमत आहे. तो करताना तिचे मनही ठिकाणावर नव्हते, कारण लंडनमध्ये पक्षाघात झालेली तिची आई अंथरुणाला खिळली होती. तरीही दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

लिलियनने सांगितलेली एक आठवण अशी की, लोकांचे तुझ्याकडे लक्ष वेधावे म्हणून तुझ्या नावाभोवती एखादे प्रेमप्रकरण उठवून देऊ, असा प्रस्ताव स्टुडिओच्या वरिष्ठांनी तिच्यासमोर ठेवला होता. पडद्यावर आणि पडद्याबाहेर दोन्हीकडे अभिनय करण्याइतकी ताकद माझ्यात नाही, असे सांगून तिने तो नाकारला. दुसरी गोष्ट ‘द विंड’ची. हा चित्रपट सोसणाऱ्या नायिकेचा असला तरी जुना नाही. मूळ कादंबरीत नायिका शेवटी वेडाच्या भरात वादळात चालत निघून जाते, आणि चित्रपटात मात्र ती नवऱ्याच्या मिठीत वाऱ्याला सामोरी उभी राहते. हा शेवट वितरकांच्या दडपणामुळे जोडावा लागला, असे तिने अखेरपर्यंत सांगितले. नव्या प्रेक्षकांना आवडू शकेल असा धीट चित्रपट तिने दिला होता, पण तो वर्षभर डब्यात ठेवल्यावर प्रेक्षकांचा कौल घेतला गेला असे म्हणता येत नाही.

आवाजाविषयी राहून गेले ते लिहितो. तिचा आवाज रंगभूमीवर घडलेला होता. १९३० मध्ये तिने पहिला बोलपट केला, तो फारसा चालला नाही, आणि ती सरळ ब्रॉडवेला परतली. १९३६ मध्ये जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर तिने ओफेलिया केली. त्या वेळी ती बेचाळीस वर्षांची होती. पुढे १९४६ च्या ‘ड्युएल इन द सन’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९५५ च्या ‘द नाइट ऑफ द हंटर’मध्ये मांडीवर बंदूक घेऊन रात्रभर अनाथ मुलांची राखण करणारी म्हातारी तिने उभी केली, तर १९८७ च्या ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’च्या चित्रीकरणात तिने वयाची नव्वदी ओलांडली होती. २७ फेब्रुवारी १९९३ रोजी, शंभरीला काही महिने उरले असताना, ती गेली. चित्रपटात तिने पंचाहत्तर वर्षे काम केले आणि त्यांतली जवळजवळ साठ बोलपटांच्या काळातली आहेत.

रंगमळा

ओफेलिया बेचाळिसाव्या वर्षी, हे वाचून बालगंधर्वांचे वयाबद्दलचे सगळे वाद आठवले. प्रेक्षकाने मान्य केले की वयाचा प्रश्न मिटतो. ‘द विंड’ची बरी प्रत कुठली घ्यावी, याविषयी उत्तररात्र यांनी लिहिले तर उपकार होतील.

उत्तररात्र

‘द विंड’ची प्रत घेताना कार्ल डेव्हिस या संगीतकाराने १९८० च्या दशकात रचलेले संगीत असलेली घ्यावी. त्यात वाऱ्याचा आवाज वाद्यांमधूनच येतो.

साळुंकी

काल रात्री ‘द विंड’ पाहिला, आणि झोप लागली नाही म्हणून लिहीत आहे. आगगाडीच्या काचेवर वाळू आपटते आणि नायिका लेटी दचकून मागे सरकते, या अगदी सुरुवातीच्या क्षणापासून ती प्रत्येक प्रसंगात काही ना काही झटकत असते. बाहीवरची, टेबलावरची, पावावरची वाळू. लग्नाच्या रात्री नवऱ्याने प्रेमाने आणून दिलेली कॉफी तिला जात नाही, आणि त्याचे मन मोडू नये म्हणून ती गुपचूप भांड्यात ओतून टाकते. तो ते पाहतो. त्यानंतर कॅमेरा फक्त दोन खोल्यांमधली दोघांची पावले दाखवतो, बूट इकडून तिकडे आणि तिची पावले तिकडून इकडे, आणि एकही पाटी येत नाही.

जबरदस्ती करणाऱ्या माणसाला गोळी घातल्यावर ती त्याला अंगणात पुरते आणि घरात येऊन खिडकीशी उभी राहते. वारा वाळू उडवत राहतो आणि पुरलेला माणूस हळूहळू उघडा पडू लागतो. आपल्याला बराच वेळ फक्त तिचे डोळे दिसतात. ते मोठे होतात, मग आणखी मोठे होतात, आणि मग त्यांत भीतीऐवजी एक विलक्षण कुतूहल येते, जणू ती स्वतःच्या हातून झालेले काम तपासून पाहत आहे. रंगमळा यांनी सांगितल्याप्रमाणे मी तो प्रसंग दुसऱ्यांदा फक्त तिच्या हातांकडे लक्ष ठेवून पाहिला. एवढे सगळे चालू असतानाही ती खिडकीच्या कडेवरची वाळू बोटांनी पुसत होती.